एल पासोला बिऱ्हाड हलवावं का? (पलीकडे जुआरेझ आहे म्हणून विचारतेय)

हरिपूरकर

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

आम्ही सध्या ओहायोत आहोत. नवऱ्याची रेसिडेन्सी जूनमध्ये संपते. तो डॉक्टर, जे-१ या प्रशिक्षणाच्या व्हिसावर आहे, त्यामुळे एकतर दोन वर्षं भारतात परत जायचं, नाहीतर डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षं नोकरी करायची. दोन ठिकाणांहून होकार आलाय. एक नॉर्थ डकोटातलं गाव, विमानतळ दोन तासांवर आणि आमच्याशिवाय भारतीय घर एक. दुसरं टेक्ससमधलं एल पासो. पगार बरा, घरं स्वस्त, ऊन भरपूर. फक्त गाव ऐन मेक्सिकोच्या सीमेवर, आणि सीमेपलीकडे जुआरेझ.

सासूबाई मिरजेला असतात. त्यांना फोनवर सांगितलं. दुसऱ्याच दिवशी दिरांनी त्यांना यूट्यूबवर जुआरेझचे व्हिडिओ लावून दिले, पुलाला टांगलेलं प्रेत वगैरे. तेव्हापासून त्या जपाला बसतात आणि जप संपला की मला फोन करतात. मी हसण्यावारी नेत होते. मग रात्री नकाशा उघडला. आम्ही जिथे घर बघतोय तिथून सीमा चार मैल. आमचं मिरज-सांगलीसुद्धा याहून लांब आहे.

मुलगी सहा वर्षांची आहे. तिथे राहणारं किंवा राहून आलेलं कुणी असेल तर प्लीज लिहा. 'काही होत नाही हो' असलं नकोय. काय होतं ते सांगा.

---

स्पष्टवक्ता

सरळ नॉर्थ डकोटा. थंडीने माणूस मरत नाही, नीट कपडे घातले की झालं. मुलीला घेऊन गुंडांच्या शेजारी राहायला जायची हौस कशाला? पैसा काय, सगळीकडे मिळतो.

---

खिडकीतला_बोका

थंडीने माणूस मरत नाही हे वाक्य जानेवारीत नॉर्थ डकोटाला उभं राहून म्हणून दाखवा.

(खुर्ची ओढून बसलोय. चालू द्या.)

---

आकडेमोड

ताई, आधी आकडे बघू, भीती त्यानंतर.

सगळ्यात वाईट वर्ष २०१०. सिनालोआ आणि जुआरेझ या दोन कार्टेलांचं, म्हणजे अमली पदार्थांच्या टोळ्यांचं, युद्ध पेटलं होतं आणि मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष काल्देरॉन यांनी लष्कर रस्त्यावर उतरवलं होतं. त्या एका वर्षात पलीकडे ३,००० हून जास्त खून झाले. शहराची लोकसंख्या तेरा लाखांच्या आसपास धरली तर लाखामागे दोनशेच्या वर. त्याच वर्षी एल पासोत खून झाले ५. साडेसहा लाख वस्तीत पाच, म्हणजे लाखाला एकसुद्धा नाही, आणि तेव्हा अमेरिकेची सरासरी पावणेपाचच्या वर होती. मोठ्या शहरांच्या यादीत एल पासो त्या काळात सर्वांत सुरक्षित म्हणून पहिलं आलं.

मधे आहे काय? म्हणायला नदी. प्रत्यक्षात शहराजवळ तो काँक्रीटने बांधलेला कालवा आहे, बऱ्याचदा त्यात गुडघाभरही पाणी नसतं.

पुढे पलीकडचे खून कमी होत २०१५ मध्ये तीनशेच्या आसपास आले, मग पुन्हा चढले. २०१९ ते २०२३ दरवर्षी हजाराच्या वर. म्हणजे तिकडचं संपलेलं नाही, पण तिकडच्या चढउताराबरोबर इकडचा आकडा चढत-उतरत नाही, हे पंधरा वर्षांत दिसलंय.

'कुंपण घातलं म्हणून एल पासो सुरक्षित झालं' असं कुणी सांगितलं तर तेही सोडून द्या. २०१९ मध्ये ट्रम्प यांनी संसदेतल्या भाषणात तसं म्हटलं आणि त्यांच्याच पक्षाचे तिथले महापौर डी मार्गो यांनी ते खोडून काढलं. कुंपणाच्या आधीही तिथे गुन्हे कमीच होते.

---

स्पष्टवक्ता

आकडे छान आहेत. २०१२ मध्ये एल पासोच्या डाउनटाउनमध्ये एक बाई बाबागाडी ढकलत चालली होती, पलीकडून आलेली गोळी तिच्या पायात घुसली. ती तुमच्या लाखामागे कितव्या नंबरला?

---

हरिपूरकर

हे खरं आहे?? गोळ्या इकडे येतात?

---

वऱ्हाडी_ठेचा

खरं आहे. मी २००९ पासून इथेच आहे, तेव्हा सगळं सविस्तर लिहितो. आधी एक दुरुस्ती: जुआरेझ नाही हो, ह्वारेस. इथे जुआरेझ म्हटलंत की समोरचा माणूस गालात हसतो.

गोळ्या आल्या होत्या. जून २०१० मध्ये सिटी हॉलच्या भिंतीला आणि खिडकीला लागल्या. ऑगस्टमध्ये विद्यापीठाच्या एका इमारतीत एक शिरली. पलीकडे पोलिस आणि टोळ्यांची चकमक चालू होती, त्यातल्या या भरकटलेल्या. स्पष्टवक्ते म्हणतात ती बाई २०१२ ची, सुदैवाने वाचली. तिन्ही जागा सीमेला अगदी चिकटून आहेत. चार मैलांवरच्या घराशी त्याचा संबंध नाही. पण विद्यापीठात होतो म्हणून सांगतो, त्या आठवड्यात खिडकीजवळची खुर्ची मी सरकवली होती. आकडे मलाही पाठ होते.

(अवांतर: त्या विद्यापीठाच्या बहुतेक इमारती भूतानी पद्धतीच्या आहेत, उतरत्या भिंती आणि पुढे आलेली छपरं. १९१७ पासून. अकोल्याहून थेट तिथे उतरलो तेव्हा वाटलं, विमान चुकलं की काय.)

माझ्या इतक्या वर्षांतला सगळ्यात काळा दिवस ३ ऑगस्ट २०१९. शनिवार होता, शाळा उघडायच्या आधीची खरेदी चालली होती. सिएलो व्हिस्टा मॉलशेजारच्या वॉलमार्टमध्ये एकाने बंदूक चालवली, २३ माणसं गेली. माझी बायको वह्या आणि रंगखडू आणायला आदल्या आठवड्यात तिथेच गेली होती. मारणारा नदीपलीकडून आलेला नव्हता. तो डलासजवळच्या गावातून रात्रभर गाडी चालवत आला होता, 'हिस्पॅनिक लोकांचं आक्रमण' वगैरे इंटरनेटवर लिहून. आणि मेलेल्यांत आठ जण मेक्सिकोचे नागरिक होते. पलीकडून शनिवारी खरेदीला इकडे येणं ही इथली नेहमीची गोष्ट.

आता तुम्ही विचारलंत, काय होतं. आय-१० हायवेवर ट्रकांची झुंबड असते आणि लोक वाट्टेल तशी चालवतात. सीमेजवळच्या रस्त्यांवर, चोरून सीमा ओलांडलेली माणसं नेणाऱ्या गाड्यांचे पाठलाग होतात, त्यात भलत्याच गाडीला धडक बसते. अशा गाड्या चालवायला हायस्कुलातली पोरं मोबाइलवरून गाठतात, तुमची मुलगी सहा वर्षांची आहे म्हणून आज हे सोडून द्या. मार्च-एप्रिलमध्ये धुळीची वादळं येतात, समोरच्या गाडीचे दिवे दिसत नाहीत, दातांत वाळू करकरते. उन्हाळ्यात पारा शंभर फॅरनहाइटच्या वर.

आणि माती. हे कुणी सांगत नाही. विद्यापीठाच्या पश्चिमेला, अगदी नदीकाठी, असार्को कंपनीची धातू वितळवण्याची भट्टी शंभर वर्षं चालली. १९९९ ला बंद पडली, चिमण्या एप्रिल २०१३ मध्ये पाडल्या, मी पहाटे उठून बघायला गेलो होतो. त्या भट्टीतून शिसं उडायचं. ७० च्या दशकात भट्टीशेजारच्या वस्तीतल्या मुलांच्या रक्तात ते सापडलं आणि ती वस्तीच उठवली. पुढे आसपासच्या जवळजवळ हजार घरांच्या अंगणातली माती सरकारने खणून बदलली. लहान मूल आहे, तेव्हा त्या भागातलं जुनं घर आवडलंच तर मातीचे कागद आधी मागा. मी घर घेताना कार्टेलबद्दल एक प्रश्न विचारला आणि मातीबद्दल अकरा.

---

खिडकीतला_बोका

खुर्ची सरकवली हे आवडलं. प्रामाणिक माणूस.

---

स्पष्टवक्ता

आज पलीकडे आहे. उद्या इकडे येणार नाही कशावरून? ते काय व्हिसा काढून येणार आहेत?

---

आकडेमोड

त्यांचा सगळा धंदा इकडे माल पोहोचवण्यावर चालतो. एल पासोत रक्त सांडलं की पूल बंद, तपासण्या कडक, माल अडकला. शिवाय शहरात फोर्ट ब्लिस हा प्रचंड मोठा लष्करी तळ आहे, बॉर्डर पेट्रोल, एफबीआय, डीईए (अमली पदार्थविरोधी खातं) सगळ्यांची ठाणी आहेत. २००८ नंतर पलीकडचे पैसेवाले जीव मुठीत धरून इकडेच राहायला आले. सगळ्यांनाच हे गाव शांत राहायला हवं असतं, चोरालासुद्धा.

याचा अर्थ इकडे काही नाही असा नाही. माल आणि माणसं साठवायची घरं इकडेच असतात, बाहेरून अगदी साधी. आणि तिकडे ज्या बंदुकांनी माणसं मरतात त्यांतल्या बऱ्याच इकडच्या दुकानांतून गेलेल्या असतात.

---

शिफ्टइंजिनिअर

या धाग्यावर पलीकडच्या लोकांविषयी कुणीच लिहीत नाही म्हणून लॉगिन केलं.

मी पिंपरीत गाड्यांचे वायर हार्नेस करायचो. तेच काम करायला ह्वारेसला गेलो, राहायला एल पासोत. २००९ ते २०१४ रोज पूल ओलांडून नोकरी. माझ्यासारखे पुष्कळ होते. तिथले कारखाने, त्यांना माकिला म्हणतात, अमेरिकेचा कच्चा माल घेऊन वस्तू जोडून परत पाठवतात, आणि साहेब मंडळी बहुतेक एल पासोतच झोपायला असतात. ग्रीन कार्ड हातात होतं म्हणून जमलं. आधी चौकशी करून पास देतात त्या सेंट्रीच्या रांगेतून पंधरा मिनिटांत इकडे. बाकीच्यांना दोन-दोन तास.

कंपनीचे नियम होते. गाडी साधी आणि मळकी ठेवायची. गेटबाहेर पडताना गळ्यातलं ओळखपत्र काढायचं. रोज एकच रस्ता नको. अंधार पडायच्या आत पूल गाठायचा. मी नियम पाळले आणि पाच वर्षांत मला कुणी 'ए' म्हटलं नाही. एकदा सिग्नलला थांबलो तर चौकात पिवळी पट्टी बांधलेली, रस्त्यावर आकड्यांचे छोटे त्रिकोण मांडलेले, सतरापर्यंत मोजले. ट्रॅफिक पोलिस कंटाळलेल्या हाताने आम्हाला 'चला, चला' करत होता. कारखान्यात पोचल्यावर कुणी विषयसुद्धा काढला नाही. सकाळचं उत्पादन किती, एवढंच.

गेटसमोर एकजण बुरिटो विकायचा. राजमा आणि हिरवी मिरची, आपल्याला चालेल असा. त्याच्याकडे दर शुक्रवारी दोन पोरं यायची. तिकडे त्याला 'क्वोता' म्हणतात, आपल्याकडे हप्ता. २०१० च्या पावसाळ्यात, पावसाळा म्हणायचा एवढंच, त्यांनी रक्कम वाढवली. एका सोमवारी गाडी नव्हती. पुढच्या सोमवारीही नव्हती. त्या दोन-तीन वर्षांत रस्तेच्या रस्ते असे बंद झाले, दुकानांवर 'भाड्याने देणे'च्या पाट्या. तो माणूस मेला, पळाला की गावी गेला, मला आजतागायत माहीत नाही.

माझ्या लाइनवर बावीस वर्षांची एक मुलगी होती, दुसऱ्या पाळीला. कंपनीची बस म्हणजे अमेरिकेतल्या शाळांनी काढून टाकलेल्या जुन्या पिवळ्या बसगाड्या, पांढरा रंग मारून. ती बस डांबरी रस्ता संपतो तिथे सोडायची, पुढे पाऊण किलोमीटर वाळूतून चालत, रात्री साडेबाराला. तिने मला सांगितलं होतं, बसमधून उतरल्यावर ती आईला फोन लावून खिशात चालूच ठेवते, बोलत नाही, बॅलन्स कमी असतो, पण आईला पावलं ऐकू येतात. तिच्या बसथांब्याच्या खांबावर काळ्या पट्टीवर गुलाबी क्रूस रंगवलेला होता. ते क्रूस १९९३ पासून मारल्या गेलेल्या, हरवलेल्या बायकांसाठी त्यांच्या आया रंगवतात, शहरभर आहेत.

मी साडेपाचला पुलावर असायचो.

तर ताई, तुम्हाला एल पासोत काही होणार नाही, हे मी ठामपणे सांगतो. पण तुमच्या मुलीच्या वर्गात निम्म्या पोरांची आजी पलीकडे असेल. कुणाचा मामा गेलेला असेल. 'गुंडांच्या शेजारी' असं त्यांच्यासमोर बोलू नका एवढंच. ही सूचना तुमच्यासाठी नाही, वर ज्यांनी लिहिलंय त्यांच्यासाठी आहे.

---

स्पष्टवक्ता

शब्द मागे घेतो. मत मागे घेत नाही.

आणि एक मुद्दा कुणी मांडलेला नाही. हा जे-१ चा करार तीन वर्षांचा आहे. सहा महिन्यांनी मन रमलं नाही, भीती वाटली, तरी नोकरी सोडून दुसरीकडे जाता येत नाही, अगदीच असाधारण कारण सिद्ध केलं तर गोष्ट वेगळी. इतरांना 'जाऊन बघू' म्हणता येतं. यांना नाही.

---

हरिपूरकर

शिफ्टइंजिनिअर, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. दोघंही बराच वेळ गप्प होतो.

स्पष्टवक्ते, हा मुद्दा बरोबर आहे आणि तो दोन्ही ठिकाणांना लागू आहे. उणे तीस तापमानात तीन वर्षं मन रमलं नाही तर तिथूनही निघता येणार नाही.

---

छावणीतली

माझे मिस्टर तोफखान्यात होते, आता निवृत्त. डिसेंबर २००१ मध्ये आम्ही फिरोजपूरला होतो. संसदेवर हल्ला झाला आणि आठवड्याभरात सगळं सैन्य सीमेकडे निघालं, ऑपरेशन पराक्रम. मुलगा पहिलीत. रात्री खिडक्यांना काळे कागद. शेतांत सुरुंग पेरले होते, आणि नंतर ते काढताना आणि काढल्यावरही शेतकऱ्यांचे, गुरांचे पाय जात राहिले. ते वर्षभर आईचा साताऱ्याहून दर रविवारी फोन, 'पोराला तरी इकडे पाठव'. नाही पाठवला. बरोबर केलं की चूक, अजून ठरवता आलेलं नाही. काही झालं नाही म्हणून बरोबर केलं असं म्हणणं मला पटत नाही.

तुमची गोष्ट वेगळी आहे, तिथे दोन देश भांडत नाहीयेत. पण एक विचारते. आम्हाला सांगणारं कुणीतरी असायचं. आज शाळा बंद, आज बाजारात जाऊ नका, सीओंच्या मिसेसचा फोन यायचा. तुम्हाला तिथे कोण सांगणार? ते नाव आणि नंबर जायच्या आधी हातात असू दे.

---

वऱ्हाडी_ठेचा

काकू, बरोबर बोललात. आमचा दहा-बारा मराठी घरांचा ग्रुप आहे, हरिपूरकर ताईंना व्यक्तिगत निरोप पाठवतो.

एक उदाहरण देतो. ११ ऑगस्ट २०२२. पलीकडच्या तुरुंगात दोन टोळ्यांची मारामारी झाली, ती बाहेर आली आणि संध्याकाळी शहरात दुकानं पेटवली, वाटेत दिसेल त्याला गोळ्या घातल्या. अकरा माणसं मेली, त्यात एका रेडिओ केंद्राचे कर्मचारी होते. इकडे आम्हाला पहिली बातमी कुठून मिळाली? घर साफ करायला येणाऱ्या मावशींचा मेसेज, 'आज येत नाही, पूल ओलांडायला भीती वाटते'. टीव्हीवर त्यानंतर आलं. आमच्या गल्लीत त्या संध्याकाळी पोरं फुटबॉल खेळत होती. हे मला अजूनही पचत नाही.

पलीकडे जायचं का, हा तुमच्या हातातला प्रश्न आहे. अमेरिकी सरकारने चिवावा राज्यासाठी (ह्वारेस त्यातच येतं) 'प्रवासाचा फेरविचार करा' ही तिसरी पातळी लावलेली आहे. तरी लोक जातात, दातांच्या डॉक्टरकडे, औषधांना, लग्नांना. आम्ही २०१३ नंतर जायला लागलो, दिवसा, पायी पूल ओलांडून, ओळखीच्या माणसाबरोबर. कॅथेड्रलच्या चौकात बसून कणीस खायचं, चारला परत. गाडी नेत नाही, इकडचा विमा तिकडे चालत नाही.

कागदांचं लक्षात ठेवा. भारतीय पासपोर्टवर चालू अमेरिकी व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. व्हिसाचा स्टॅम्प संपलेला असेल तर पलीकडे जायची चूक करू नका. पूर्वी एच-१ वाले स्टॅम्पिंगसाठी ह्वारेसच्या वकिलातीत यायचे, माझ्याकडेच सात जण उतरून गेले, सगळे पोहे खाऊन आणि घाबरून. सप्टेंबर २०२५ पासून आपल्या देशात किंवा राहत्या देशातच अर्ज करा असं सांगितलंय, तेव्हा तो रस्ता गेला.

आणि पूल न ओलांडताही कागद जवळ लागतात. गावाबाहेर पडलात की बॉर्डर पेट्रोलचे नाके. पूर्वेला आय-१० वर सिएरा ब्लांका, उत्तरेला लास क्रूसेसच्या पुढे, शिवाय व्हाइट सँड्सची पांढरी वाळू बघून लास क्रूसेसकडे परतताना. मूळ पासपोर्ट आणि आय-९४ची (अमेरिकेत प्रवेश केल्याची नोंद) छापील प्रत गाडीत हवी. पहिल्या वर्षी मी घरी विसरलो होतो. नाक्यावर पन्नास मिनिटं उभा होतो आणि बायको चार दिवस बोलत नव्हती. इथे राहून मला घाम फुटला असेल तर त्या दिवशी.

---

रात्रपाळी

मी इथे नर्स आहे, मूळची रत्नागिरीची. डॉक्टरांसाठी दोन ओळी.

२००८-१० मध्ये पलीकडून गोळ्या लागलेली माणसं इकडच्या ट्रॉमा सेंटरला यायची आणि दाराशी बंदूकवाले पोलिस उभे असायचे, हे जुन्या सिस्टर सांगतात. मी पाहिलेलं नाही. मी पाहते ते सीमेवरच्या भिंतीवरून पडलेले. तीस फुटी कुंपण आहे. दोन्ही टाचा आणि मणका, जवळजवळ ठरलेलं. पंचविशीतल्या मुली असतात. उन्हाळ्यात वाळवंटातून आणलेले, अंग तापलेल्या तव्यासारखं. यांना तीन वर्षं हे बघावं लागेल. घरी येऊन जेवताना गप्प बसतील. त्याची तयारी ठेवा. बाकी गाव माणसाळलेलं आहे, शेजारीण न विचारता तमाले आणून देते.

---

आकडेमोड

हे कोष्टकात बसत नाही. थांबतो.

---

हरिपूरकर

सगळ्यांचे आभार. उशीर झाला लिहायला, मधे बरंच घडलं.

मार्चमध्ये चार दिवस जाऊन आलो. ठेचाभाऊंकडेच उतरलो, वहिनींनी पहिल्याच रात्री झुणका केला होता. धुळीचं वादळही नेमकं तेव्हाच आलं. दुपारी तीनला आकाश बेसनाच्या रंगाचं झालं होतं. मुलगी खूश, तिला वाटलं आपल्यासाठी काहीतरी खास केलंय.

शाळा बघितली. मुख्याध्यापक बाई पाचव्या मिनिटाला स्पॅनिशमध्ये फोनवर कुणाला तरी ओरडल्या आणि मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, 'माफ करा, आई आहे, पुलावर अडकलीय.' घर बघताना मातीचे कागद मागितले तेव्हा एजंटने असं बघितलं, जणू सोन्याची खाण आहे का विचारलं. कागद नव्हते. ते घर सोडलं. दुसरं डोंगराच्या पूर्वेला, सीमेपासून नऊ मैल. नऊ मैलांमुळे सुरक्षित वाटतंय असं नाही, पण सासूबाईंना सांगायला आकडा बरा पडला.

करारावर सह्या झाल्या. भीती गेलेली नाही, खोटं कशाला बोलू. २०१९ ची गोष्ट वाचल्यापासून ती वेगळ्याच ठिकाणी जाऊन बसलीय, मॉलमध्ये गेले की बाहेर जायची दारं मोजते. ते मी ओहायोतही करतेय.

शेवटच्या संध्याकाळी डोंगरावरच्या सीनिक ड्राइव्हला गेलो होतो. खाली दिवेच दिवे. सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावला, मिरजेत सकाळ झाली होती, त्या चहा घेत होत्या. फोन गोल फिरवून दाखवला.

"अगंबाई, केवढं मोठं गाव आहे गं तुमचं," त्या म्हणाल्या.

त्यातले अर्ध्याहून जास्त दिवे ह्वारेसचे होते. कुठे एक गाव संपतं आणि दुसरं सुरू होतं, मलाही दिसत नव्हतं. मी "हो" म्हटलं.

---

खिडकीतला_बोका

अभिनंदन. एक राहिलं. घरात एसी आहे की कूलर? तिथे जुन्या घरांत पाण्याचे कूलर असतात म्हणे.

---

हरिपूरकर

कूलर. छपरावर बसवलेला. नागपूरच्या मावशीला फोटो पाठवला, ती म्हणाली वाळ्याच्या ताट्या घेऊन जा.

---

वऱ्हाडी_ठेचा

वाळा आणू नका, कस्टमवाले काढून घेतील. माझा घेतला होता.